जमिनीखालचा ध्रुव

फोनच्या पडद्यावर नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी दिसली आणि मीनाक्षीची एक्झिट चुकली. शनिवारची सकाळ होती, मिल्टन कीन्सचे रस्ते अजून आळसावलेले होते. लेकीला, दियाला, तिच्या शिफ्टसाठी कॉफीच्या दुकानापाशी सोडून ती भाजी घ्यायला निघाली होती, आणि डॅशबोर्डवर अडकवलेल्या फोनवर तो फोटो उगवला. रघुवीर. चेहऱ्यावर लाल उजेड, मागे काळोख, शेजारी तिपाईवर तिचा ट्रॅकर, आणि डोक्यावर मोरपंखी रंगाची, हातानं विणलेली, वर गोंडा असलेली टोपी. रघुवीरकडे दोनच टोप्या होत्या. एक करडी, जी तो बागेतलं गवत कापतानाही घालायचा, आणि दुसरी सासूबाईंनी पाठवलेली माकडटोपी, जी तो कुणी पैसे दिले तरी घालणार नाही. मोरपंखी टोपी या घरातली नव्हती. मग ही कुणाची, एवढा एकच प्रश्न घेऊन ती राउंडअबाउटला पूर्ण फेरी मारून आली, एक्झिट पुन्हा समोर आली आणि पुन्हा मागे गेली. मागच्या व्हॅनवाल्यानं हॉर्न दिला. शेवटी मिळेल त्या रस्त्याला लागून तिनं सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये ट्रॉल्यांच्या शेडजवळ गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. फोटोखाली लिहिलं होतं, 'पोल शोधतोय. फोन करू?'

जून महिन्यात इंग्लंडात राहून ज्याला आभाळाचे फोटो काढायचे असतील त्यानं काय करावं? जळावं. दुसरं काही करण्यासारखं नसतंच. इथे मे संपता संपता रात्र काळी व्हायची थांबते. सूर्य क्षितिजाखाली जातो, पण पांघरूण अर्धवट ओढलेल्या माणसासारखा, एक पाय बाहेर ठेवून. उत्तरेकडे रात्रभर तो मळकट उजेड राहतो आणि मीनाक्षीचा कॅमेरा कपाटात स्वेटरांच्या खाली जाऊन बसतो. आणि तिकडे, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ऐन हिवाळा. तिथे सहाला मिट्ट काळोख. इथे सकाळचे साडेआठ म्हणजे तिथे संध्याकाळचे साडेसात, आणि आज अमावास्या. अमावास्येचा शनिवार बघून रघुवीर ख्राइस्टचर्चहून तीन तास गाडी चालवत टेकापोच्या तळ्यावर गेला होता. अमावास्या! बारा वर्षं ती कॅलेंडरवर अमावास्येला गोल करायची तेव्हा हाच माणूस म्हणायचा, 'माझ्या आईनं हे पाहिलं तर तिला वाटेल तू करणी करतेस.'

बारा वर्षं. पहिला कॅमेरा तिनं स्वतःच्या पगारातून घेतला होता. दिवसभर चष्म्याच्या दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून लोकांचे डोळे तपासायचे, पहिली काच बरी की दुसरी, दुसरी की तिसरी, आणि सगळ्यांना अगदी बारीक अक्षरं दिसायला लागली की घरी यायचं. मग आपल्याला पण काहीतरी बारीक आणि लांबचं बघावंसं वाटलं तर त्यात काय चुकलं? त्या कॅमेऱ्यापायी ते दोघं वेल्समध्ये ब्रेकन बीकन्सला गेले, नॉरफकच्या किनाऱ्यावर गेले, एकदा पार स्कॉटलंडपर्यंत गेले. गाडी रघुवीर चालवायचा. कधी नाही म्हणाला नाही, हे कबूल करायला हवं. पण गाडी लावली की तो आपली सीट मागे टाकायचा, हीटर लावायचा, क्रिकेटची कॉमेंट्री लावायचा आणि तिच्या माहेरून, सांगलीहून आलेलं भडंग मांडीवर घेऊन बसायचा. ती बाहेर, गवतावर गुडघे टेकून, ध्रुवतारा बारक्या दुर्बिणीच्या मध्यावर आणायच्या खटपटीत. ट्रॅकर म्हणजे एक ठोकळा, आत मोटर, पृथ्वी जेवढ्या गतीनं फिरते तेवढ्याच गतीनं तो कॅमेऱ्याला उलटं फिरवतो, म्हणजे तारे फोटोत जागच्या जागी ठिपक्यासारखे राहतात. पण त्यासाठी आभाळ ज्या बिंदूभोवती फिरतं त्या बिंदूवर, म्हणजे ध्रुवावर, पोलवर, ठोकळ्याची नजर अचूक लागावी लागते. उत्तरेला सोपं असतं, तिथे ध्रुवतारा आहे. तरी वेळ लागायचाच. आणि मग गाडीची काच दोन बोटं खाली यायची आणि आतून आवाज यायचा, "मीना, आत ये ना. भडंग संपतंय." ती आत जायची नाही. काच वर जायची. काच वर जातानाचा तो आवाज तिला अजून ओळखू येतो.

वडील असते तर ते बाहेर उभे राहिले असते. सांगलीला बिल्डिंगच्या गच्चीवर, मे महिन्यात जेवणं झाल्यावर, ते तिला दक्षिणेकडे तोंड करून उभं करायचे. नारळांच्या शेंड्यांच्या जरासा वर चार ताऱ्यांचा तिरका पतंग दिसायचा. 'तो त्रिशंकू,' ते म्हणायचे. 'आता त्याची दोरी खाली सोड, अशीच सरळ खाली. पोचलीस का जमिनीपर्यंत? आणखी खाली जा. तिथे दक्षिणेचा ध्रुव आहे.' ती विचारायची, जमिनीत? 'जमिनीतच. आपल्या पायाखालून दिसतो तो.' आणि ते तिचा हात धरून खाली करायचे, गच्चीच्या फरशीकडे, सांगलीच्या हिशेबानं सतरा अंश. ते कधी विषुववृत्ताच्या खाली गेले नाहीत. बँकेतून निवृत्त झाले आणि तीन वर्षांत गेले. मीनाक्षी इंग्लंडला आली तेव्हा उत्तरेचा ध्रुव वर चढला आणि दक्षिणेचा आणखी खाली गेला, बावन्न अंशांवर. त्रिशंकू तर दिसेनासाच झाला. हे सगळं तिनं रघुवीरला एकदा सांगितलं होतं. तेव्हा तो विमानतळावरच्या पार्किंगचे दर बघत होता.

आणि मग फेब्रुवारीत त्याच्या कंपनीनं त्याला ख्राइस्टचर्चला तीन महिन्यांसाठी पाठवायचं ठरवलं. तो आणि टीममधली स्वराली, नागपूरची, दोन वर्षांपूर्वी व्हिसावर आलेली, अठ्ठावीस वर्षांची. रघुवीरनं जेवताना विचारलं होतं, "तू येतेस का दोन आठवडे?" आणि मीनाक्षी म्हणाली होती, "दियाच्या परीक्षा आहेत, कशी येणार?" बस. एकदाच. तिनं आयुष्यभर ज्या आभाळाची वाट बघितली त्याच्याबद्दल त्यानं पोळीचा तुकडा मोडता मोडता एकदा विचारलं आणि भाजी वाढून घेतली. त्यानं दुसऱ्यांदा विचारावं म्हणून ती आठवडाभर थांबली. त्याच्या नाकासमोर न्यूझीलंडचा नकाशा उघडून बसली. त्यानं विचारलं ते वेगळंच. बॅग भरताना म्हणाला, "तुझं ते यंत्र नेऊ का? जूनमध्ये तुला लागत नाही ना." ती म्हणाली, ने की. माणूस असं म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ नेऊ नकोस असा असतो, हे पंचवीस वर्षांच्या संसारानंतर ज्याला कळत नाही त्याला त्रिशंकू दिसतो आणि जिला कळतं तिला सुपरमार्केटचं कार पार्क. तिच्या पोटात दुखत होतं. म्हणायची एक रीत म्हणून नव्हे, खरोखरच, बरगडीच्या खाली. तिनं फोन केला.

"हां मीना, येतंय का ऐकू? नेटवर्कची एकच काडी आहे." त्याचा आवाज थंडीनं आखडला होता आणि तरी त्यात काहीतरी उड्या मारत होतं. "अगं इथे काय आहे माहितीये का? You won't believe it. मला काही सुचतच नाहीये."

"कंपासवर जाऊ नकोस," ती म्हणाली. "तिकडे सुई चांगलीच भरकटते. अंदाजानं दक्षिणेला तोंड कर आणि मान वर कर. जवळजवळ डोक्यावर, चार तारे, पतंगासारखे."

"दिसला. एक मिनिट. दोन आहेत. उजवीकडे पण एक आहे."

"तो खोटा. तो मोठा असतो आणि फिका असतो. खऱ्याच्या डावीकडे दोन ठसठशीत तारे असतील बघ, शेजारी शेजारी. मित्र आणि मित्रक. ते बोट दाखवतात खऱ्याकडे."

"आहेत! ओह माय गॉड, मीना, काय ब्राइट आहेत!"

समोर एक बाई ट्रॉलीत लहान मुलाला बसवत होती आणि मूल पाय ताठ करून बसायला नकार देत होतं. मीनाक्षीनं मित्र आणि मित्रक कधी डोक्यावर पाहिले नव्हते. सांगलीहून ते खाली, धुरकट, नारळांत अडकलेले दिसायचे. 'आता त्रिशंकूचा वरचा तारा आणि खालचा तारा,' ती सांगत गेली, 'त्यांच्यात जेवढं अंतर तेवढंच साडेचार वेळा खाली मोज,' आणि तिचा स्वतःचा डावा हात काचेवर वरून खाली मोजत येत होता, जणू समोर दुकानाची पाटी नव्हतीच.

"मोजलं," रघुवीर म्हणाला. "पण इथे तर काहीच नाही."

"तिथे काहीच नसतं," ती म्हणाली. "तोच पोल."

मग तो हळूच म्हणाला, "वा." हे वाक्य कुणाला तरी सांगण्यासाठी तिनं किती वर्षं जपून ठेवलं होतं, आणि ते ऐकून 'वा' म्हणायला तिला कुणी हवंच होतं, फक्त ते म्हणताना तिथे तिनं असायला हवं होतं आणि त्यानं गाडीत. तिनं त्याला पुढचं सांगितलं, ट्रॅकरची बारकी दुर्बीण त्या रिकाम्या जागेकडे वळव, त्यात चार अगदी मंद तारे शोध, सुपाच्या आकाराचे, एक बाजू रुंद आणि एक अरुंद. ते दुर्बिणीतल्या जाळीवरच्या चार खुणांवर आण. उत्तरेला एका ताऱ्यात भागतं, इथे चार लागतात आणि चारही असे की डोळा जरा बाजूला केला तरच दिसतात. ती मनातून म्हणत होती, याला नाही जमायचं. हा माणूस सुईत दोरा ओवताना मला हाक मारतो. पंधरा-वीस मिनिटं तो खटपटत राहिला. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मग मागून एका मुलीचा आवाज, अगदी जवळून.

"रघुवीर, कॉफी देऊ का? आत बसा ना थोडं, हीटर लावलाय."

"नको नको, दोन मिनिटं," तो म्हणाला.

रघुवीर. सर नाही, दादा नाही. इथल्या ऑफिसात सगळे असंच म्हणतात हे मीनाक्षीला ठाऊक होतं. तिच्या दुकानातली पोरगीही तिला मीनाक्षीच म्हणते. पण अंधारात, कुणीतरी गाडीतून, हीटर लावून, ते नाव असं म्हणतं तेव्हा ते ऑफिसमधलं राहत नाही. टोपी या स्वरालीचीच. विणलेली असणार हिनंच. कुठल्या मीटिंगमध्ये बसून विणली असेल?

"बसले!" रघुवीर ओरडला. "चारही बसले, मीना! एक्झॅक्ट खुणेवर! आता कॅमेरा लावतो. दोन मिनिटांचं एक्स्पोजर, बरोबर? दाबू बटण? काही राहिलं नाही ना?"

आणि तेव्हा तिला ती पट्टी आठवली.

ट्रॅकरच्या बुडाशी एक छोटा खटका आहे. एका बाजूला उत्तर गोलार्ध, दुसऱ्या बाजूला दक्षिण. दक्षिणेत आभाळ उलटं फिरतं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, म्हणून मोटरही उलटी फिरवावी लागते. दोन वर्षांपूर्वी ब्रेकनला रघुवीरनं अंधारात ठोकळा उचलून देताना तो खटका नकळत सरकवला होता. तिची सगळी रात्र वाया गेली, कारण कळायला पहाट झाली, आणि परतीच्या प्रवासात अडीच तास तिनं त्याला जे काही सुनावलं त्यात त्याच्या आईचाही उद्धार होता. दुसऱ्या दिवशी दुकानातली पांढरी चिकटपट्टी आणून तिनं खटका उत्तरेवर पक्का करून टाकला, अक्षरं झाकली गेली, आणि पट्टीवर मार्करनं मराठीत लिहिलं, 'हात लावू नकोस'. रघुवीरसाठीच लिहिलं होतं. दुसरं कोण वाचणार होतं ते इथे? आता तो ठोकळा त्या पट्टीसकट जगाच्या दुसऱ्या टोकाला गेला होता.

सांगायला एक क्षण पुरला असता. पट्टी काढ, खटका सरकव. तिच्या तोंडात ते शब्द तयार होते आणि त्यांच्यामागून मोरपंखी टोपी आली, हीटर आला, ओह माय गॉड आला, पोळीचा मोडलेला तुकडा आला. "नाही," ती म्हणाली. "काही राहिलं नाही. दाब."

मग ती गाडीतून उतरून दुकानात गेली, कारण माणसाला काहीतरी करावं लागतं. कोथिंबिरीच्या जुड्या हातात घेऊन खाली ठेवल्या. टोमॅटो घेतले, जे घरी होते. ती इतकी हलकी झाली होती की तिला स्वतःचीच थोडी भीती वाटली. असं वाटायला नको होतं, पण वाटत होतं, आणि बरं वाटत होतं. काय बिघडणार आहे? एका माणसाचा एक फोटो. ज्यानं बारा वर्षांत एकदाही काच खाली करून 'काय दिसतंय' विचारलं नाही त्याचा एक फोटो. दह्याच्या डब्यांपाशी दियाचा मेसेज आला, 'आई बाबाचं फोटो बघितलीस का, so cute तो टोपीमध्ये'. मीनाक्षीनं फोन परत पिशवीत टाकला. तो लगेच पुन्हा वाजला. रघुवीरनं कॅमेऱ्याच्या पडद्याचा फोटो पाठवला होता. आकाशगंगा होती, एवढी दाट की तिच्या हातातला दह्याचा डबा हातातच राहिला, आणि तिच्यातला प्रत्येक तारा जिऱ्यासारखा लांबट झालेला. ठोकळा नुसता बंद ठेवला असता तरी याच्या निम्मीच रेघ आली असती. खाली लिहिलं होतं, 'माझं पोल चुकलं वाटतं. परत करतो.'

ती वाचत राहिली. माझं चुकलं. त्याचं चुकलं नव्हतं. त्याचे चारही तारे खुणेवर होते, हे त्या रेघांच्या दिशेवरून तिला दिसत होतं. एवढं नेमकं तिला स्वतःला पहिल्या खेपेला कधी जमलं नव्हतं, आणि हे कळल्यावर तर तिचा नुसता तिळपापड झाला. तिनं लिहिलं, 'परत बघ.' आणि पैसे देऊन, पिशवी उचलून, गाडीत येऊन बसली. ऊन चढलं होतं. आतली हवा तापली होती तरी तिनं काच खाली केली नाही. पुन्हा फोटो आला. पुन्हा जिरं. 'तिपाई हलली असेल. परत सेट केली.' मग पुन्हा. 'लेव्हल बघतोय.' प्रत्येक वेळी तो सगळं मोडून पहिल्यापासून मांडत होता, त्रिशंकू, साडेचार वेळा खाली, रिकामी जागा, सूप. एका फोटोत खालच्या कोपऱ्यात तळ्याकाठचे दगड फराटल्यासारखे आले होते आणि त्यांत एक लाल कमान. कुणीतरी लाल बॅटरी लावून बाजूला बसलं होतं. मीनाक्षीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, कमान एक आहे की दोन ते बघत. तिची नजर चांगली होती, तिचा धंदाच तो होता. पण एक लाल ठिपका फराटला तर त्यातून माणसं किती होती ते कळत नाही. मनात आधीच ठरलेली असतील तेवढीच दिसतात. तिला दोन दिसली.

मग स्वरालीचा फोन आला. मीनाक्षीकडे तिचा नंबर होता हेही ती विसरली होती.

"मीनाक्षीताई, sorry हं, सकाळी सकाळी डिस्टर्ब करतेय. तुम्ही यांना जरा सांगाल का? दोन तास झाले. मायनस चार आहे इथे. मी मघापासून सांगतेय की तो खालचा स्विच S वर करायचा असतो, माझ्या ॲपमध्ये पण तेच दिलंय. पण त्यावर तुम्ही टेप लावलीय ना. हातच लावू देत नाहीयेत. म्हणतात, मीनानं लिहिलंय म्हणजे काहीतरी कारण असणार, तिला विचारून घेतलंय मी सगळं."

मीनाक्षीनं भाजीची पिशवी शेजारच्या सीटवर सरळ केली.

"हॅलो? बोटं बधिर झालीत हो त्यांची. कान एवढे लाल झाले होते की अपूर्वची टोपी दिली मी त्यांना. माझ्या आईनं त्याच्यासाठी विणलीय, लग्नाच्या आधीच जावयाचे लाड. तो तिकडे इंग्लंडात, इल्फर्डला बसून चिडतोय, माझी टोपी का दिली म्हणून." ती हसली. "मी तर केव्हाची गाडीत बसलेय. मला नाही सहन होत. यांना म्हटलं, पाच मिनिटं आत या, कॉफी घ्या. नाही. येतच नाहीत आत."

"आत येत नाही?" मीनाक्षीनं विचारलं.

"नाही ना. तिथेच गुडघ्यावर. आणि वर बघत मला काय काय नावं सांगतात. मित्र, मित्रक. तुम्ही शिकवलंय म्हणे."

टोपीचा निकाल लागला होता. तिला बरं वाटायला हवं होतं आणि वाटलं नाही. उलट मत्सराला बसायला जी एक सोयीची जागा होती ती गेली, आणि तो आता तिच्या मांडीवरच येऊन बसला. पोरगी बिचारी गाडीत होती, भडंग नसेल पण कॉफी घेऊन, काचेआडून एका वेड्या माणसाला हाका मारत. आणि तो वेडा माणूस रघुवीर होता. तो बाहेर होता. ज्या माणसाला ती बारा वर्षं बाहेर यायला सांगत होती, कधी तोंडानं आणि जास्त करून गप्प राहून, तो आला होता, तिच्यावाचून आला होता, आणि तिनं शिकवलेल्या नावांनी आभाळ दुसऱ्या कुणाला दाखवत होता. हे तिला टोपीपेक्षा जास्त लागलं. आणि तरी तो त्या पट्टीला हात लावत नव्हता. तिच्या अक्षरांवर त्याचा एवढा विश्वास असेल हे तिला ठाऊक नव्हतं. ती अक्षरं तर रागानं लिहिलेली होती.

तिनं त्याला फोन लावला. तो लगेच उचलला गेला. "मीना, मला नाही जमत गं," तो म्हणाला. "काय चुकतंय तेच कळत नाही. तुझ्यासाठी एक तरी चांगला न्यायचा होता."

"रघू, पट्टी काढ."

"कुठली? तू लावलेली?"

"हो. खाली खटका आहे, तो दक्षिणेवर करायचा. तिकडे आभाळ उलटं फिरतं."

तो हुशार माणूस होता, फक्त उशिरा कळणारा. "तुला माहीत होतं," तो म्हणाला. तो प्रश्न नव्हता.

"हो."

"मघाशी मी विचारलं. काही राहिलं का म्हणून."

"हो."

"मीना, मी दोन तास इथे गोठतोय. बोटं वाकत नाहीयेत माझी." त्याचा आवाज चढला आणि मग थंडीनंच खाली बसला. "का?"

ती बरीच उत्तरं देऊ शकली असती. विसरले, लक्षात नाही आलं. तिनं ट्रॉल्यांच्या शेडकडे बघितलं, एकात एक घुसवलेल्या ट्रॉल्या, आणि खरं ते बोलली. "मला जळायला होतंय, रघू. तू तिथे आहेस आणि मी इथे. ते आभाळ माझं आहे. तुला त्यातलं काही नको होतं कधी, आणि तुलाच मिळालं."

"मग यायचं ना," तो म्हणाला. "विचारलं होतं मी."

"एकदाच विचारलंस."

"एकदाच," त्यानं तिचाच शब्द परत म्हटला, जरा चिडून. "तू तरी मला बाहेर ये म्हणून कधी विचारलंस? मी काच खाली करायचो तेव्हा तू मागे वळून पण बघायची नाहीस. मला वाटायचं, हिला मी नकोच आहे तिथे. स्वराली आता मला आत बोलावतेय. आणि मला जायचं नाहीये. तू का येत नव्हतीस ते आता कळलं."

मीनाक्षीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्याचाही राग आला, की हेही त्याला तिथे कळावं, तिच्याशिवाय.

"तू कुठे आहेस?" त्यानं विचारलं. "गाडीत?"

"हो."

"बाहेर ये," तो म्हणाला. "तुझे बाबा दाखवायचे तसं दाखव. तिथून कुठे आहे तो?"

म्हणजे त्यानं ऐकलं होतं. पार्किंगचे दर बघता बघता ऐकलं होतं. ती दार उघडून बाहेर आली. डांबर तापलं होतं, कुणीतरी मागे कचकच करत ट्रॉली ढकलत होतं. ध्रुवतारा दिवसा दिसत नसला तरी कुठे आहे हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. दुकानाच्या पाटीच्या वर, डावीकडच्या दिव्याच्या खांबापाशी. तिनं त्याच्याकडे पाठ केली, फोन एका कानाशी धरला आणि दुसरा हात सरळ समोर नेऊन खाली केला, बावन्न अंश, स्वतःच्या बुटांच्या थोडं पुढे, जमिनीत. फोनमधून पट्टी ओरबाडून निघाल्याचा आवाज आला, लांबलचक, दोन वर्षं पक्क्या बसलेल्या चिकट पट्टीचा.

"काढली," रघुवीर म्हणाला. "सरकवला. दाबतो आता."

"दाब," ती म्हणाली. आणि फोन ठेवला नाही, दोन मिनिटांचं एक्स्पोजर चालू होतं. तिला माहीत होतं की आता तो फोटो येईल, प्रत्येक तारा ठिपक्यासारखा, तिनं आजवर काढलेल्या सगळ्यांहून चांगला, आणि त्यावर नाव त्याचं असेल. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर वाहवा होईल आणि तीही अंगठ्याची खूण टाकेल. पोटात अजून दुखत होतंच. हात मात्र तिनं खाली केला नाही.

ट्रॉली थांबली. एक म्हातारे गृहस्थ, डोक्यावर उन्हाची टोपी, मीनाक्षी रोखून बोट दाखवत होती त्या डांबराकडे वाकून बघत होते. "लॉस्ट समथिंग, लव्ह?" त्यांनी विचारलं.

"नो," मीनाक्षी म्हणाली. "माय हजबंड्स फाउंड इट."